चूक विसरायला दहा मिनिटं

निकिताच्या लेकीचं बारसं चार दिवसांवर आलं होतं, आणि आजीनं तिच्यासाठी रचलेला पाळणा लॅपटॉपमध्ये अडकून पडला होता.

आजी म्हणजे माझी बायको, उमादेवी. तिला तो पाळणा परत गाऊन दाखवता येत नव्हता. दिवाळीनंतर तिला लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायला लागली आणि बोलणं बंद झालं. तिचं माहेर कर्नाटकाच्या हद्दीतलं. लग्न होऊन जळकोटला आली आणि तीस वर्षं इथल्या अंगणवाडीत पोरांना मराठी गाणी शिकवली. पण तोंडात शब्द राहिला तो एकच, आणि तोही माहेरचा. साकु. म्हणजे पुरे. चहा नको असला तरी साकु आणि हवा असला तरी साकु. आम्ही तिच्या डोळ्यांकडं बघून अर्थ लावायचो. कधी बरोबर लागायचा, कधी चुकायचा.

पाळणा तिनं दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात रेकॉर्ड केला होता. ते मला पक्कं आठवतं, कारण त्या दिवशी तिनं माझं काम बंद पाडलं. घराला लागूनच, हायवेच्या अंगाला, माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारी जळल्या की लोक माझ्याकडं आणतात. जळलेली तार काढायची, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश करायचं, वाळवायचं, मग चालवून बघायची. त्या दिवशी एक पाच एचपीची मोटार चालवून बघत होतो. ही दारात येऊन उभी राहिली आणि अर्धा तास मोटार बंद ठेवा म्हणाली. कशासाठी ते सांगेना. गिऱ्हाईक समोर बसलेलं. मी कुरकुरत स्टार्टर बंद केला. संध्याकाळी तिनं सांगितलं की निकिताच्या बाळासाठी पाळणा म्हटलाय, पण बारशाच्या आधी कुणाला ऐकू देणार नाही.

लॅपटॉप निकिताचा, कॉलेजातला. लग्न होऊन ती धाराशिवला गेली तेव्हा आमच्यासाठी इथंच ठेवून गेली. त्याची बॅटरी मेली होती, वायर लावली तरच चालायचा. आम्हाला वाचता यावं म्हणून तिनं त्याच्यावरचं सगळं मराठीत करून दिलं होतं. आणि आईला त्यातच एक कुलूपबंद कप्पा करून दिला होता. सहा आकडे दाबले की उघडायचा. पाळणा त्यातच होता. आकडे आईनं स्वतःच घातले, निकिताला दाखवले नाहीत. कुलूप लावायचं कारण मी होतो. उघडं ठेवलेलं काहीही मी वाचल्याशिवाय सोडत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

त्यालाही एक कारण आहे. मला अक्षरं आली ती सेहेचाळीसाव्या वर्षी. त्याच्या आधी मोटारींवर खडूनं मालकाचं नाव उमादेवीच लिहायची, मी नुसतं मोटारीच्या रंगावरून ओळखायचो. एकदा वाशीच्या माणसाची मोटार भूमच्या माणसाला देऊन बसलो. दोन्ही हिरव्या होत्या. दोन्ही गावांचे लोक येऊन दुकानासमोर भांडून गेले. दुसऱ्या दिवसापासून उमादेवीनं मला दुपारी अंगणवाडीत नेऊन बसवलं, पोरांच्या ओळीत. पोरांना खाऊ मिळायचा तेव्हा मलाही मिळायचा. तेव्हापासून मी अक्षराखाली बोट धरून वाचतो आणि एकही शब्द सोडत नाही. सोडला तर मोटार भलत्या गावाला जाते.

निकिता बाळंतपणाला आमच्याकडं आली. मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी जावई अनिरुद्ध धाराशिवहून आले, ते तिथं एका कॉलेजच्या ऑफिसात आहेत. पाळण्याची गोष्ट निघाली आणि आम्ही सगळे लॅपटॉपभोवती बसलो. निकितानं स्वतःची जन्मतारीख घातली. मग माझी. मग लग्नाची तारीख, आमची आणि त्यांची. अनिरुद्धरावांनी अंगणवाडीच्या फोन नंबरातले पुढचे सहा आणि मागचे सहा आकडे घालून बघितले. बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या हरणाबाईनं कुंडली वाचल्यासारखे आकडे सांगितले, तेही घातले. मी गावाचा पिनकोड सांगितला. एकेक चुकत गेला.

एकदा उमादेवीनं खाटेवरून डावा हात पुढं केला होता. अनिरुद्धराव प्रेमानंच म्हणाले, आई, तुम्ही आराम करा, आम्ही बघतो. आणि त्यांनी लॅपटॉप आपल्याकडं ओढून घेतला. ती साकु म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून निजली. मला वाटलं, थकली.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉपनं सांगितलं की आता प्रयत्न करता येणार नाही. मग मी माझ्या पद्धतीनं औषध केलं. यंत्र तापलं की बंद करायचं, थंड होऊ द्यायचं, मग परत चालू करायचं. चाळीस वर्षं मी तेच करत आलोय. रोज संध्याकाळी लावायचो, कुणीतरी एखादा आकडा घालायचं, ते नाही म्हणायचं, आणि मी भिंतीवरच्या बोर्डाचं बटण दाबून बंद करायचो. विश्रांती दिली की सुधारेल, असं मला खरंच वाटत होतं.

नवव्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप धोतरात गुंडाळून पिशवीत घातला आणि एस.टी.नं धाराशिवला गेलो. अनिरुद्धराव स्टँडवर आले, जवळच्या गल्लीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात मला बसवलं आणि ऑफिसला गेले. काउंटरवर अर्पिता नावाची मुलगी होती, आमच्या निकिताच्या वयाची. तिनं धोतराच्या घड्या उलगडून लॅपटॉप बाहेर काढला तेव्हा तिला हसू आलं, पण तिनं ते दाबलं.

तिनं लावला, बघितलं, आणि शेजारी एक दुसरा उघडून ठेवलेला लॅपटॉप होता त्यातली एक काळी चिप मला दाखवली. करंगळीच्या नखाएवढी.

"काका, तुमच्यात बी अशीच एक हाय. कप्प्याची किल्ली हिच्या पोटात असती. ही ती किल्ली कुणालाच देत न्हाय. संगणकाला सुदिक देत न्हाय. आपुन आकडा सांगायचा, बरोबर असला तर ही आतनं उघडती."

मी विचारलं, मग आत काय चाललंय ते आपल्याला कळायचं कसं.

"ते संगणक विचारतो तिला. जेवढं सांगण्यासारखं असतंय तेवढं ती सांगती, आन् तो आपल्याला पानावर लिहून दाखवतो."

तिनं ते पान उघडलं. वर चिप कुणी बनवली ते होतं, कितवी आवृत्ती ते होतं. त्याच्या खाली लिहिलं होतं, स्थिती : कुलूपबंद. आणि एक बटण होतं, साफ करा. अर्पिता म्हणाली, हे दाबलं की चिप कोरी होईल, लॅपटॉप नव्यासारखा चालेल, काकूंना नवा कप्पा करून देते. तिचं बोट बटणापर्यंत गेलं होतं. मी म्हणालो, थांब बाई, खालचं वाचू दे.

बटणाच्या खाली बारीक अक्षरात चार ओळी होत्या. मी चष्मा पुसला, पडद्यावर बोट धरलं आणि सुरुवात केली. माझ्या मागं एकजण प्रिंटर काखेत धरून उभा होता.

"आजोबा, वाचनालय पलीकडच्या गल्लीत हाय," तो म्हणाला.

"वाचू द्या त्यांना," अर्पिता म्हणाली. "तुमचा प्रिंटर कुठं पळून चाललाय."

मी वाचलं. साफ केल्यास या चिपमधील किल्ल्या कायमच्या नष्ट होतील. त्या किल्ल्यांनी बंद केलेली माहिती पुन्हा मिळणार नाही. मी ते तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं बोट मागं घेतलं.

"मला वाटलं तुमाला लॅपटॉप पायजे," ती म्हणाली.

"लॅपटॉप नको. आत एक गाणं हाय, ते पायजे."

मग मी तिला सगळं सांगितलं. उमादेवीचं, पाळण्याचं, तीन दिवसांवर आलेल्या बारशाचं. प्रिंटरवालाही ऐकत होता. त्यानं प्रिंटर खाली ठेवला. अर्पितानं विचारलं की कप्पा करताना एखादी जास्तीची किल्ली कागदावर उतरवून घेतली होती का. मी निकिताला फोन लावला. लॅपटॉपनं तसं सुचवलं होतं, पण तेव्हा घाईत ती नंतर म्हणाली आणि ते राहूनच गेलं, असं निकिता म्हणाली. फोनवर तिचा आवाज रडवेला झाला. मी तिला म्हणालो, असू दे, माझं वाचायचं अजून संपलं न्हाय.

कारण आणखी खाली तीन ओळी होत्या. चुकीचे प्रयत्न : ३२. मर्यादा : ३२. एक चूक विसरण्याचा अवधी : १० मिनिटे.

ही शेवटची ओळ मी दोनदा वाचली. चिप दहा मिनिटांत एक चूक विसरते. मग आमच्या लॅपटॉपला अडकून पाच दिवस झाले होते. पाच दिवसांत दहा मिनिटं किती वेळा येतात. मी अर्पिताला विचारलं, एवढ्यात हिनं सगळंच विसरायला पाहिजे होतं की.

तिनं पानाकडं बघितलं, मग माझ्याकडं. विचारलं, घरी हे चालू असतं का बंद.

मी अभिमानानं सांगितलं की बंद ठेवतो, बोर्डावरूनच, आणि पूर्ण थंड होऊ देतो.

"काका," ती म्हणाली, "मोटार बंद केली की थंड होती. ही चालू असली तरच विसरती. बंद असली की हिचं घड्याळच थांबतंय. आन् बोर्डावरनं झटक्यात बंद केलं ना, तर ही आणखी एक चूक धरती. तिला वाटतंय, कुणी वायर काढून फसवायला बघतंय."

म्हणजे बत्तिसातल्या काही चुका आकड्यांच्या नव्हत्या. माझ्या बटणाच्या होत्या. रोज संध्याकाळी औषध म्हणून मी दिलेल्या.

तिनं कागदावर लिहून दिलं. एक, निदान दोन तास सलग चालू ठेवा. दोन, तोपर्यंत आकडा घालू नका. तीन, बंद करायचं तर आतून करा, बोर्डावरून नाही. अक्षर तिनं मुद्दाम मोठं काढलं होतं. प्रिंटरवाल्यानं माझी पिशवी धरली आणि मी लॅपटॉप परत धोतरात गुंडाळला.

तुळजापूरपर्यंत मला खिडकीची जागा मिळाली. कागद हातात होता, पण मी दुसरंच मोजत होतो. निकिताचे किती, अनिरुद्धरावांचे किती, हरणाबाईचे किती, माझे किती. मोजता मोजता ध्यानात आलं की त्या बत्तिसात उमादेवीचा एकही नव्हता. जिचा कप्पा, जिनं आकडे घातले, तिनं एकदाच हात पुढं केला होता आणि आम्ही तिला आराम करायला सांगितलं होतं. या नखाएवढ्या चिपचं काय चाललंय ते दाखवायला एक पान होतं. उमादेवीचं तसलं पान कुठं नव्हतं. आणि आम्ही तिला दहा मिनिटंसुद्धा दिली नव्हती. बोलायला गेली की आम्हीच तिचं वाक्य पुरं करायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुळणी केली. जळकोटात सलग दोन तास वीज राहील याचा भरवसा नाही. म्हणून शेजारच्या रणधीरच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली, दुकानातला इन्व्हर्टर तिला जोडला, आणि लॅपटॉप इन्व्हर्टरवर लावला. उमादेवीच्या खाटेशेजारी स्टूल ठेवून त्यावर तो मांडला. साडेनऊला चालू केला. ते चिपचं पान कसं उघडायचं ते अर्पितानं शिकवलं होतं. बत्तीस.

मी पान बंद करून बसलो. दहा मिनिटांनी उघडलं. एकतीस.

उमादेवी उशीला टेकून बघत होती. मी तिला सगळं समजावून सांगितलं. चिप कशी चुका धरते, कशी एकेक सोडते. माझ्या बटणाचंही सांगितलं. तेव्हा तिनं डोळे मिटून मान हलवली, अंगणवाडीत मी उलटा 'ळ' काढला की हलवायची तशी.

अकराला वीज गेली. पंखा थांबला, इन्व्हर्टर घूं करायला लागला. लॅपटॉप चालूच राहिला. बाळाला पाजून निकिता येऊन उभी राहिली. पान बघितलं, तेवीस झाले होते. तिला राहवेना. म्हणाली, बाबा, माझा दहावीचा बैठक नंबर राहिलाय, तेवढा एक घालून बघू का.

"आता आपला कुणाचाच न्हाय," मी म्हणालो. "आता फकस्त तिचा."

निकितानं आईकडं बघितलं. हळू आवाजात विचारलं, तिला जमंल का.

"न्हाय जमलं तर न्हाय. चुकली तर दहा मिनिटं बसू. परत चुकली तर परत बसू."

बाळाला घेऊन निकिता खाटेच्या पायथ्याशी बसली.

साडेअकराला आकडा वीसवर आला. मी लॅपटॉप उमादेवीच्या मांडीवर ठेवला आणि कप्पा उघडला. आकडे मागणारी चौकट आली. तिनं चौकटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. डावा हात उचलून माझ्या गालाला लावला आणि माझं तोंड दाराकडं फिरवलं.

निकिता हसायला लागली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच तशी हसली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड करून बसलो आणि कानानं मोजायला लागलो. एक. दोन. मग बराच वेळ काही नाही. तीन, चार. पाच, सहा. आणि लॅपटॉपनं चुकलं की वाजणारा ठोका दिला.

मी पान उघडलं. एकवीस. म्हणालो, ठीक हाय, दहा मिनिटं. रणधीरच्या घरून आलेली बोरं होती. मी एकेक दाबून बघून तिला पिकली तेवढी दिली. बाळ जागं झालं, परत झोपलं. वीस.

दुसऱ्यांदाही चुकलं. या वेळी तिनं डाव्या मुठीनं खाटेच्या काठावर मारलं आणि म्हणाली, साकु. हा साकु कुठला ते डोळ्यांत बघायची गरज नव्हती. तिनं लॅपटॉप ढकलला. तो मी धरला.

मी तिच्याजवळ सरकलो. विचारलं, "मला 'क्ष' यायला किती दिवस लागले व्हते?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग डाव्या हाताची पाचही बोटं उघडली. मिटली. परत पाच उघडली. मिटली. मग एक बोट. अकरा. तिच्या ध्यानात होतं. मीच दहा धरून चाललो होतो.

"तवा तू कवा साकु म्हणालीस का?"

तिनं मान हलवली नाही, पण लॅपटॉपकडं परत बघितलं. आणि तेव्हा मला एक गोष्ट दिसली, जी मिस्त्री म्हणून मला आधीच दिसायला पाहिजे होती. लॅपटॉपवर आकडे दोन जागी असतात. एक वरच्या ओळीत, आणि एक उजव्या अंगाला गठ्ठ्यानं. उमादेवी कायम उजव्या हातानं त्या गठ्ठ्यावरच दाबायची, न बघता. आता डाव्या हातानं ती तिथवर पोचायला बघत होती आणि हात वाकडा होऊन बोट भलत्या आकड्यावर जात होतं. तिला आकडे आठवत होते. जागा सापडत नव्हती.

मी स्टूल उचललं, खाटेच्या डाव्या बाजूला लावलं आणि लॅपटॉप तिथं ठेवला. जरा तिरका, असा की आकड्यांचा तो गठ्ठा बरोबर तिच्या डाव्या हाताखाली यावा. खाली उतारासाठी वार्निशचा रिकामा डबा लावला. मोटारीखाली पाचर लावतात तसा. मग दहा मिनिटं थांबलो. घाई केली असती तरी चाललं असतं, अकरा चुकांची जागा मोकळी होती. पण ठरवलं होतं ते ठरवलं होतं.

वीस झाले. मी आपणहून कॅलेंडरकडं तोंड केलं.

एक. दोन. तीन. मधे थांबली. चार. पाच. सहा.

ठोका आला नाही. काहीच आवाज आला नाही. मग माझ्या सदऱ्याची बाही मागून ओढली गेली.

कप्प्यात एकच रेकॉर्डिंग होतं. त्याला तिनं नाव दिलं होतं, बारसं. निकितानं वाजवायला बोट पुढं केलं तर उमादेवीनं आपला पंजा मधे घातला. साकु. बाराव्या दिवशी म्हणजे बाराव्या दिवशी. एवढं सगळं होऊनही ती आपल्या शब्दावरून हलली नाही. निकितानं आवाज बंद ठेवून ते फोनवर उतरवून घेतलं, पंज्याच्या मालकिणीच्या देखरेखीखाली. आकडे काय होते ते मला अजून माहीत नाही.

बाराव्या दिवशी दुपारी बाया जमल्या. धाराशिवहून अनिरुद्धराव आले, त्यांची बहीण लीला आली. नाव ठेवायचा मान आत्याचा. पाळण्याला झेंडूच्या माळा लावल्या, हरणाबाईनं घुगऱ्या केल्या. अनिरुद्धराव येताच उमादेवीच्या पाया पडले आणि बराच वेळ तिथंच बसून राहिले. निकितानं त्यांना फोनवर सगळं सांगितलं होतं. काय बोलले ते मी ऐकलं नाही. उमादेवीनं डाव्या हातानं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला.

लीलानं बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि मोठ्यानंही सांगितलं. श्रिया. बायांनी रीतीप्रमाणं लीलाच्या पाठीत थापट्या मारल्या. मग निकितानं फोन पाळण्याच्या दांडीला बांधला आणि रेकॉर्डिंग लावलं.

आधी नुसती खरखर आली. मग घसा साफ केल्याचा आवाज. आणि मग तिचा आवाज, दसऱ्याच्या आधीचा, अख्खा.

पैल्या दिवशी उजाडली वाट,
दारात मांडला पाण्याचा माठ,
जो बाळा जो जो रे जो.

अंगणवाडीतली कितीतरी पोरं त्या आवाजाला ओळखत मोठी झाली होती. त्यातल्या काही आता लेकुरवाळ्या होऊन तिथंच बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावले. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो. पाचव्या कडव्याला माझा नंबर लागला.

पाचव्या दिवशी आजाची घाई,
तांब्याच्या तारेला झळाळी लई,
जो बाळा जो जो रे जो.

बाया माझ्याकडं वळून बघायला लागल्या. मी जमिनीकडं बघितलं. म्हणजे त्या दिवशी मी दुकानात कुरकुरत बसलो होतो आणि भिंतीपलीकडं ही माझ्यावर कडवं म्हणत होती.

कडवी पुढं गेली. उमादेवी पाळण्याशेजारी खुर्चीत बसली होती, डावा हात दोरीवर. बारावं कडवं आलं.

बाराव्या दिवशी झोका हालला,

आणि पुढं रेकॉर्डिंगमध्ये काहीच नव्हतं. नुसती शांतता. तेव्हा नाव ठरलेलं नव्हतं, म्हणून तिनं नावापुरती जागा मोकळी सोडली होती. बायांनी लीलाकडं बघितलं. लीलानं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी दुसरीकडून आवाज आला. बारीक, एका बाजूनं ओघळलेला, पण सुरात.

"शि… या…"

उमादेवीचे डोळे पाळण्यात होते. ती बोलली नव्हती, तिनं गाऊन म्हटलं होतं. बोलायला गेली की अडायचं, गाण्यात ते निघालं. फोनमधली उमादेवी, जणू तेवढ्यासाठीच थांबली होती, तिनं पुढची ओळ उचलली.

नावानं घरात दिवा लागला,
जो बाळा जो जो रे जो.

या ओळीला खुर्चीतली आणि फोनमधली, दोघी बरोबर होत्या. सगळे शब्द आले नाहीत. 'दिवा' आला. 'जो जो' पूर्ण आलं. निकिता आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून बसली. कुणी उमादेवीला काही विचारलं नाही, कुणी तिचं वाक्य पुरं केलं नाही.

पाळणा संपला, पण रेकॉर्डिंग चालूच होतं. ते बंद करायला ती विसरली असणार. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग पावलं, मग दार उघडल्याचा आवाज, आणि लांबून तिचं माझ्याशी बोलणं.

"अवो. झालं माझं. करा आता तुमची मोटार चालू."

सगळ्या बाया हसल्या. उमादेवीही हसली, तोंड एकीकडं ओढलं जाऊन. तिनं दोरी सोडली आणि डाव्या हातानं दुकानाच्या दिशेनं बोट दाखवलं. बाळ आल्यापासून मी दुकानात मोटार लावली नव्हती, पोरीची झोप मोडेल म्हणून. एक भरून झालेली मोटार कधीची तशीच पडून होती. मी पाळण्याकडं बघितलं. उमादेवीनं परत बोट दाखवलं.

मी दुकानात गेलो, मोटारीवरचं फडकं काढलं आणि स्टार्टर दाबला. मोटार घुमायला लागली. दाराशी येऊन मी कान दिला. आत बाळ उठलं नव्हतं.